मेंढीचोरी आणि छापील शून्य

निवृत्त झाल्यापासून लग्नकार्यांत माझी ओळख करून देताना लोक हमखास म्हणतात, "या लॉ कॉलेजात लायब्ररियन होत्या बरं का. किती वाचलं असेल यांनी!" मी हसून मान डोलावते. खरं सांगायचं तर हलवाई जेवढे पेढे खातो तेवढंच आम्ही वाचतो. इंदापूरहून एसटीनं बारामतीला जाऊन-येऊन मी नोकरी केली आणि त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत माझ्या हाताखालून पुस्तकांपेक्षा गुन्हेच जास्त गेले. चोऱ्या, दरोडे, फसवणुकी, जामिनाचे अर्ज. संध्याकाळी घरी आले की आमचे हे विचारायचे, "आज काय विशेष?" मी पीठ मळता मळता सांगायचे, "दोन खून, एक अपहरण आणि एका माणसाची निर्दोष सुटका." नवीन राहायला आलेल्या शेजारीणबाईंनी हे एकदा खिडकीतून ऐकलं. त्यानंतर बरेच दिवस त्या माझ्याकडे विरजण मागायला आल्या नाहीत.

हे सगळे गुन्हे यायचे डेटाबेसमधून. डेटाबेस म्हणजे काय हे मला एकदा सासूबाईंनाही समजावून सांगावं लागलं होतं, तेच तुम्हाला सांगते. इंटरनेटवर नुसतं काहीतरी शोधणं म्हणजे आठवड्याच्या बाजारात जाणं. ज्याचा आवाज मोठा त्याचा माल आधी नजरेला पडतो. डेटाबेस म्हणजे मार्केट यार्डातली डाळिंबं. माल निवडलेला, प्रतवारी लावलेली, कुणाचा आणि कुठून आला ते क्रेटवर लिहिलेलं. न्यायालयांचे निकाल, जाणकारांनी तपासल्यावरच छापलेले लेख, आयोगांचे अहवाल, असा सगळा ऐवज त्यात असतो. कॉलेज वर्गणी भरतं आणि कॉलेजच्या आवारातच तो उघडतो. बाहेर उघडायचा तर कॉलेजनं दिलेला परवलीचा शब्द लागतो. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुझं काम हमालाचं की अडत्याचं?" त्याचं उत्तर मी अजून शोधते आहे.

यार्डात माल भरपूर असला तरी मागायला यावं लागतं, आणि आमची सगळी रामकहाणी त्या मागण्यातच आहे. एक ज्येष्ठ वकीलसाहेब यायचे. इस्त्रीचा कोट, कपाळाला गंध, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही हा बाणा. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, "मॅडम, आपल्या बाजूचे तेवढे निकाल काढा." मी शोध घेतला की दोन्ही बाजूंचे निकाल एकाखाली एक यायचे. साहेब तोंड फिरवायचे. "विरुद्ध बाजूचे नका दाखवू हो, दिवसभर मन लागत नाही कामात." फौजदारी कायदे बदलले आणि कलमांचे आकडेही बदलले, तेव्हा तर त्यांना घरातली सगळी भांडी कुणीतरी हलवून ठेवल्यासारखं झालं. चोरीचं जुनं कलम त्यांच्या जिभेवर इतकं बसलेलं, की नवा आकडा सांगितला तर ते माझ्याकडेच संशयानं पाहायचे. मी नवं आणि जुनं, दोन्ही कलमं घालून शोधायचे आणि त्यांना कळूही द्यायचे नाही.

दुसरे होते खोमणे हवालदार. नोकरी सांभाळून एलएल.बी. करत होते. ड्यूटी संपली की गणवेशातच यायचे. ते आत आले की वाचनकक्षातली कुजबुज आपोआप बंद व्हायची, त्यामुळे मला ते फार आवडायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी शोधाच्या खोक्यात अर्धा तास टाइप केलं. मी मागून पाहिलं तर साक्षात फिर्याद! 'यातील फिर्यादी हे सकाळी सव्वादहाच्या सुमारास आपल्या राहत्या घरासमोर उभे असताना यातील आरोपी याने मागील भांडणाचा राग मनात धरून...' अशी सुरुवात होती. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी बटण दाबलं. उत्तर आलं, शून्य निकाल.

"मॅडम," ते गंभीरपणे म्हणाले, "तुमचं मशीन गुन्हाच दाखल करून घेत न्हाय."

"तुमच्याच ठाण्यातून शिकलं असेल," मी म्हणाले. हवालदार एवढ्या मोठ्यानं हसले, की मला त्यांनाच 'शांतता राखा'ची पाटी दाखवावी लागली.

मग त्यांना शिकवलं ते इथंही सांगते. मशीनला गोष्ट सांगायची नाही. गोष्टीतले दोन-तीन खिळे तेवढे सांगायचे: मारहाण, पूर्ववैमनस्य, एकमेव साक्षीदार. ते एकत्र जोडून विचारायचे. शून्य आलं तर मशीनवर रागावायचं नाही, आपण काय विचारलं ते पुन्हा पाहायचं. शून्य दोन तऱ्हेचं असतं. एक, विचारणाऱ्याचं चुकल्यामुळे आलेलं. दुसरं, खरोखर काहीच नसल्यामुळे आलेलं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. त्यांतलं आपल्यासमोरचं कुठलं ते ओळखणं, हाच आमचा धंदा.

आता ज्या हकिगतीसाठी मी हा लेख लिहायला बसले ती सांगते. एलएल.एम.च्या शेवटच्या वर्षाला शीतल कोळेकर नावाची मुलगी होती. आमच्याच तालुक्यातल्या कळस गावची. उंच, सावळी, बोलायला कमी, आणि एकदा कॉम्प्युटरपुढे बसली की चहालाही न उठणारी. एका दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. रडवेली नव्हती, चिडलेली होती.

"मॅडम, तुमचा डेटाबेस खराब झालाय."

मी तिच्या जागेवर जाऊन पाहिलं. खोक्यात तिच्या प्रबंधाचं अख्खं शीर्षक इंग्रजीत लिहिलेलं: इंदापूर तालुक्यातील मेंढ्यांची चोरी आणि पोलीस तपास. खाली शून्य.

"मेंढ्यांची चोरी?" मी विचारलं. माझ्या चेहऱ्यावर हसू आलं असणार, कारण ती लगेच म्हणाली, "हसा. सगळेच हसतात."

मी खुर्ची ओढून बसले. मग तिनं हळूहळू सांगितलं. ती शाळेत असताना त्यांचा मेंढरांचा कळप होता. रानोमाळ हिंडायचं, रात्री कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवायची, त्यांच्याभोवती वाघर लावायची. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण. एका पहाटे वाघर कापलेली सापडली आणि निम्मा कळप गेलेला. तिचे वडील, ज्यांना सगळा गाव हरिबा आबा म्हणतो, तिला बरोबर घेऊन तक्रार द्यायला गेले. ठाणं कुठलं ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिथल्या माणसानं विचारलं, "मेंढीचं नाव काय? आधार कार्ड हाय का?" बाकीचे हसले. आबाही थोडं हसले, कारण त्यांना वाटलं आपणही हसलो तर तक्रार घेतील. तक्रार काही कुणी लिहून घेतली नाही. आबांनी उरलेली मेंढरं विकली आणि लोणी देवकरला कारखान्यात कामाला लागले.

"आबा हसलेले मला आवडलं नव्हतं," शीतल म्हणाली. "तेव्हापासून ठरवलंय."

अडचण अशी होती, की प्रबंधाच्या विषयाला आधी समितीची मंजुरी लागते. समिती पहिला प्रश्न विचारते, यापूर्वी या विषयावर कुणी काय काम केलंय? तिचे मार्गदर्शक काटकर सर. माणूस सज्जन, पण समितीला भिऊन असायचे. ते तिला म्हणाले होते, "पूर्वीचं संशोधनच नसेल तर विषय फेटाळतील. वर म्हणतील, हे लॉ कॉलेज आहे की जनावरांचा दवाखाना? तू सायबर गुन्हे घे." त्या वर्षी जवळजवळ सगळ्या वर्गानं सायबर गुन्हेच घेतले होते. शीतलनं घरी जाऊन सांगून टाकलं होतं, की मेंढरांचा विषय मिळाला नाही तर मी एलएल.एम. सोडते. मुलगी बोलल्याप्रमाणे वागणाऱ्यांतली होती, आणि असली मुलगी नुसत्या शून्यापायी कॉलेज सोडून जावी हे मला पटेना.

"तुझं हे शून्य खोमणे हवालदारांच्या जातीचं आहे," मी म्हणाले. "आधी गाव काढ. पोलीस काढ. 'मेंढी' आणि 'चोरी' एवढंच ठेव."

ते केलं आणि पडद्यावर लेखांचा लोंढा आला. त्यात मेंढ्यांचे रोग होते, लोकरीचे भाव होते, आणि पूर्वी मेंढी चोरल्याबद्दल माणसांना गलबतात घालून साता समुद्रापार धाडायचे त्याचा इतिहास होता. शीतलनं तो मात्र मन लावून वाचला. मग आम्ही गुन्हेशास्त्राचा वेगळा डेटाबेस उघडला, अलीकडच्या वर्षांची चाळणी लावली, आणि पाचोळ्यातून एक कामाचा लेख वर आला. दूरच्या कुठल्याशा देशातला, ग्रामीण गुन्ह्यांवरचा. अशा लेखाच्या खाली विषयांचे शब्द लिहिलेले असतात. सूची करणाऱ्या माणसांनी ते विचार करून लावलेले असतात आणि वाचणारे ते कधीच पाहत नाहीत. तिथं लिहिलं होतं, पशुधनाची चोरी. ग्रामीण पोलीस. न नोंदवलेले गुन्हे.

"आता हे शब्द घेऊन पुन्हा शोध," मी म्हणाले.

शीतल पहिल्यांदाच हसली. "एक वळवली की बाकीच्या मागनं येतात, मॅडम."

आणि आल्या की! आफ्रिकेतल्या देशांतून आल्या, ऑस्ट्रेलियातून आल्या, इंग्लंडातून आल्या. जिथं म्हणून मेंढरं आहेत तिथं ती चोरीला जात होती. आम्हाला सगळ्यात मजा वाटली ती एका गोष्टीची. तिथलेही मेंढपाळ सांगत होते, की तक्रार देऊन काय उपयोग, पोलीस मनावर घेत नाहीत. शीतल एकेक लेख वाचायची, मान वर करायची आणि म्हणायची, "मॅडम, तिथंपण!" माझी एसटी चुकली तरी मला त्याचं काही वाटलं नाही.

एक दिवस खोमणे हवालदार शेजारच्याच कॉम्प्युटरवर होते. त्यांनी वाकून तिचा पडदा पाहिला आणि न विचारता बोलायला सुरुवात केली. "ताई, खरं सांगू का? ह्या तक्रारीला पोलीस का टाळतोय? मेंढी सापडली तर ती मुद्देमाल. मुद्देमाल ठाण्यात ठेवायचा. आता मेंढी ठेवायची कुठं? कपाटात? तिला चारा कुणी घालायचा? आन् उद्या कोर्टात विचारत्यात, हीच ती मेंढी कशावरून?"

"आमचे आबा ओळखतात," शीतल ताठपणे म्हणाली. "प्रत्येकाच्या कळपाची कानाला खूण असते. कान कापायची तऱ्हा ज्याची त्याची वेगळी."

"आसंल की. पण ते कागदावर कसं आणायचं, हे आमाला कुणी शिकवलंय का? गाडीला नंबर असतोय, मोबाईलला नंबर असतोय. मेंढीचा पंचनामा लिहायला बसलं की पेनच चालत न्हाय बगा."

शीतल त्यांच्याकडे वळली. आमच्या वाचनकक्षातल्या पोलिसावर ती आता कडाडणार असं मला वाटलं. तिनं वही उघडली आणि म्हणाली, "पुन्हा सांगा. सावकाश सांगा." हवालदारांनी खरोखरच सावकाश सांगितलं, आणि तिनंही त्यांना ठाण्यातल्या हसण्याची हकिगत ऐकवली. उठताना ते म्हणाले, "तुमच्या वडलांना हसणाऱ्यांत मी न्हवतो बरं का, ताई." शीतल म्हणाली, "माहितीय." लायब्ररियनला पगारापलीकडे जे सुख मिळतं ते बहुतेक याच जातीचं असतं.

समितीची बैठक तोंडावर आली आणि आमचं इंटरनेट गेलं. ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात होता. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रेलरवर ऊस इतका उंच रचलेला, की रस्त्यावरून गेलेली आमची केबल त्यात अडकली आणि ट्रॅक्टरबरोबर कारखान्याकडे निघून गेली. मी कंपनीला फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, हंगामात असं हुतंच." कधी जोडणार विचारलं तर म्हणाला, "माणूस निघालाय." तो कुठून निघाला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

शीतलचं एक काम राहिलं होतं. जगभरचं झालं, आता आपल्याकडचं शोधायचं होतं. बाहेरून डेटाबेस उघडायचा परवलीचा शब्द मी सगळ्या विद्यार्थ्यांना दिलेला होता आणि सगळ्यांनी तो इमानदारीनं हरवला होता. तो पुन्हा देता आला असता, पण ही शोधाशोध शेजारी बसूनच करायची होती, म्हणून मीच संध्याकाळी वाट थोडी वाकडी करून कळसला उतरले. शीतल स्टॉपवर आली होती. घरात मोबाईलला रेंज नव्हती, गोठ्यामागच्या चढावर यायची. तिथं बाज टाकलेली होती. आम्ही लॅपटॉप मांडला, माझ्या मोबाईलचं इंटरनेट जोडलं. हरिबा आबा पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि तिथं बांधलेल्या शेळीशेजारी उकिडवे बसले. माणूस किडकिडीत, डोक्याला टोपी, अंगात कारखान्याचा निळा शर्ट.

"बाई, ह्या डब्यात समद्या दुनियेतल्या मेंढरांच्या चोऱ्या हायत म्हंती पोरगी."

"आहेत, आबा."

"तितलं पोलिसबी हसत्यात?"

शीतलनं त्यांना एका लेखातला मजकूर मराठीत सांगितला. आबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "गोरी माणसं आसून?" आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की मला हसू आवरेना.

आम्ही शोधायला लागलो. पशुधनाची चोरी आणि महाराष्ट्र. मग मेंढपाळ आणि पोलीस आणि पुणे जिल्हा. मग धनगर, मेंढी, शेळी, कळप, तपास, ओळख, मुद्देमाल, हे सगळं आलटून पालटून, मराठीत आणि इंग्रजीत, माझ्या ओळखीच्या प्रत्येक डेटाबेसात. धनगरांवर, लोकरीवर, चराईवर पुष्कळ होतं. चोरीवर आणि तपासावर काही नव्हतं. शून्य. मी माझ्या पोतडीतल्या सगळ्या युक्त्या काढल्या. पुन्हा शून्य. हे दुसऱ्या तऱ्हेचं शून्य होतं, आणि बैठकीआधी नेमकं तेच यावं याचं मला मनापासून वाईट वाटलं.

आबांनी विचारलं, "काय म्हंतंय?"

"आपल्याकडचं काहीच नाही, आबा."

"काहीच न्हाय? म्हंजी आपल्या हितं मेंढरं चोरीलाच जात न्हाईत, आसं वाटतंय व्हय त्येला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि शीतलकडे पाहिलं. ती पडद्याकडे टक लावून बसली होती. वर शोधलेले शब्द आणि खाली 'एकही निकाल आढळला नाही' ही ओळ.

"मॅडम, हे पान छापता येईल?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत लोकांनी माझ्याकडून हजारो पानं छापून घेतली, पण शून्य कुणी छापून मागितलं नव्हतं. "येईल," मी म्हणाले. "मी सगळीच शून्यं साठवून नेते. कॉलेजचा प्रिंटर काही ट्रॅक्टरबरोबर गेलेला नाही."

अशा बैठकीला लायब्ररियनला प्रोजेक्टर लावायला बोलावतात, म्हणून मी हजर होते. समितीत आमचे प्राचार्य, काटकर सर आणि बाहेरगावाहून आलेल्या एक प्राध्यापकबाई होत्या. विषयाचं नाव पडद्यावर आलं आणि प्राचार्य खुदकन हसले. दुष्टपणे नाही, पण हसले. माझं लक्ष शीतलकडे गेलं. आता ही कागद टेबलावर आपटून निघून जाते की काय!

शीतल थांबली. हसणं पूर्ण होऊ दिलं. मग तिनं प्रत्येकाच्या हातात एकेक पान दिलं.

बाहेरच्या बाईंनी पान उलटसुलट पाहिलं. "यात तर काहीच नाही."

"हो मॅडम," शीतल म्हणाली. "हेच आधीचं संशोधन. आपल्याकडचं. बाहेरच्या देशांतलं या दुसऱ्या गठ्ठ्यात आहे, ते भरपूर आहे. हे पान सांगतं की आपल्याकडे मेंढ्यांची चोरी होतच नाही. माझ्या घरी झालीय. ठाण्यात लोक हसले म्हणून तिची तक्रार कुणी लिहून घेतली नाही, आणि तक्रार नाही म्हणून त्यावर अभ्यास नाही. मला फक्त एवढंच विचारायचंय, की तपास नेमका कुठं अडतो. मेंढी ओळखायची कशी, ठेवायची कुठं, पंचनामा लिहायचा कसा."

प्राचार्य त्या पानाकडे पाहत होते. बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "शोध नीट घेतलाय ना? नाहीतर मुलं एकदा बघतात आणि नाही म्हणून सांगतात."

"मी बरोबर बसून घेतलाय," मी म्हणाले. "शब्द पानावर आहेत. अजून एखादा सुचला तर सांगा, आत्ता शोधू." केबल त्याच सकाळी जोडली गेली होती म्हणून हे बोलायची हिंमत झाली. बाईंनी खरंच दोन शब्द सुचवले. आम्ही ते तिथंच शोधले. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, शून्य येऊ दे म्हणून. असा नवस कुठल्या लायब्ररियननं केला नसेल. शून्यच आलं.

मग काटकर सरांनी घसा साफ केला. समितीपुढे ते असे मोठ्यानं बोललेले मी कधी ऐकले नव्हते. "विषय चांगला आहे. मार्गदर्शनाची जबाबदारी माझी," ते म्हणाले. बाईंनी सही केली. प्राचार्यांनीही केली आणि शीतलला म्हणाले, "हसलो त्याबद्दल माफ कर." पुढच्या महिन्यात काटकर सर स्टाफरूममध्ये सांगत होते, की असे अस्सल मातीतले विषय मी मुलांना मुद्दाम देतो. आम्ही कुणी काही बोललो नाही. सायबर गुन्ह्यांवरून माणूस मेंढरांवर आला, हेच पुष्कळ होतं.

शीतल वाड्यावस्त्यांवर हिंडली. खोमणे हवालदारांनी तिला बोलायला तयार असलेल्या माणसांपर्यंत पोचवलं. प्रबंध पुरा झाला तोवर माझी निवृत्ती झाली होती. निरोप समारंभात मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी माझा परवलीचा शब्द बंद झाला. नियम मीच केलेला होता. तरी घरच्या कॉम्प्युटरवर तो शब्द टाकल्यावर 'आपणास प्रवेश नाही' असं आलं तेव्हा वाईट वाटलंच. कॉलेजनं मोलानं घेतलेलं केवढं धन त्या डेटाबेसात न उघडता पडून आहे, हेही मला अजून टोचतं.

परवा शीतलचा फोन आला. तिचा प्रबंध देशोदेशीची कॉलेजं वापरतात त्या डेटाबेसमध्ये चढला होता आणि आबांना तो पाहायचा होता. मीही गेले. माझ्या जागी आता एक चटपटीत नवीन मॅडम आहेत. त्यांनी मला 'बाहेरचे वाचक' म्हणून आत घेतलं. आबा नवा पांढरा शर्ट घालून आले होते. कॉम्प्युटरपासून चार हात लांब, खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

शीतलनं तेच शब्द टाइप केले, जे कळसला बाजेवर बसून केले होते. बटण मात्र आबांना दाबायला लावलं. त्यांनी एक बोट पुढं केलं आणि दाबलं.

एक निकाल आढळला.

आबांनी खुर्ची थोडी पुढं ओढली. मग म्हणाले, "ह्यात आपली मेंढरं हायत?"

"हायत, आबा. तुमचं नाव न्हाय घातलं, तसा नियम हाय. पण मेंढरं हायत. वाघर कशी कापली ते हाय. कानाची खूणबी हाय, चित्र काढून."

"ती काळ्या तोंडाची?"

"तीबी हाय."

"आन् कुणाला बी दिसंल? तिकडं दुसऱ्या मुलखात आसला तरी?"

"शोधलं तर दिसंल."

मी खिडकीकडे पाहत उभी राहिले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि नव्या मॅडमसमोर रडायची माझी तयारी नव्हती. आबा उठले, टोपी सारखी केली आणि दाराकडे निघाले. काउंटरवरच्या मॅडमनी बाहेरच्या प्रत्येक माणसाला विचारतात तसं त्यांना अदबीनं विचारलं, "आबा, काय काम होतं? झालं का?"

"व्हय, झालं," आबा म्हणाले. "तक्रार द्यायला आलतो. घेतली."